तुमचा निकाल लावू

२ मार्च, सकाळी ९.४०
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही, म्हणजे विषय महत्त्वाचा. आपलं सरकारी विधी कार्यालय लोकांना शत्रू वाटतं, म्हणाले. वाटणारच, सरकारविरुद्ध कुणी कोर्टात गेलं की सरकारच्या बाजूनं आम्हीच लढतो. तर वीस तारखेला नागरिक दिवस करायचा. ज्यांचे खटले वर्षानुवर्षं रखडलेत त्यांनी यावं, फाईल कुठे अडली ते विचारावं. पन्नास माणसं आली तर जनसंपर्क कक्ष चालू राहील, नाहीतर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये विलीन. कक्ष म्हणजे मी, एक टेबल आणि एक फोन. यातलं नक्की काय विलीन होणार ते बोलले नाहीत. बहुधा टेबल.

दुपार
पन्नास म्हणजे माझ्या हातचा मळ. दोनशे येतील. साठ खुर्च्यांचा अर्ज दिला, बाकीचे उभे राहतील. उद्यापासून सहाला उठून आवाजाचा सराव. टीव्हीवाले आले तर घसा ऐनवेळी बसायला नको.

३ मार्च, ८.१५
आत्ता उठलो. अलार्म वाजला, पण हळू.

५ मार्च
जुनं पत्रक काढलं. 'प्रलंबित प्रकरणांच्या निपटाऱ्याच्या अनुषंगाने संबंधितांनी उपस्थित राहणेबाबत.' हे वाचून कुत्रं तरी येईल का? असलं कोण लिहितं म्हणून खाली पाहिलं. सही माझीच. नऊ वर्षांपूर्वीची. माणूस किती वाढतो.
ठरलं. सोपी भाषा. लोक घरात बोलतात तशी.

६ मार्च
आंघोळ करताना सुचलं. 'एकदा या. तुमचा निकाल लावू.' पाच शब्द, एकही जोडाक्षर नाही.
बायकोला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि कुणाला धमकी देताय, असं विचारलं. तिला समजावलं की कोर्ट निकाल देतं, आम्ही तो लवकर लागावा म्हणून झटतो, म्हणजे लावतो. मग निदान 'तुमच्या खटल्याचा' तरी लिहा, म्हणाली. त्यात दोन जोडाक्षरं येतात. मुलगी तोंडावर हात ठेवून आत पळाली. तरुण पिढीला भिडलंय.

९ मार्च
टंकलेखिका बाईंनी टाईप करून दिलं. नक्की हेच ना, असं तीनदा विचारलं. फार काळजीनं काम करतात.
मोठे साहेब सोळापर्यंत दौऱ्यावर. त्यांची मंजुरी राहिली, पण तातडीच्या कामात ती मागाहून घ्यायची पद्धत आहेच. हीच ओळ बाहेरच्या मोठ्या फलकावरही टाकायची, शेजारी साहेबांचा फोटो हवा. हसरा एकच मिळाला, त्यात डोळे मिटलेले. मग उलटतपासणीतला घेतला. काळा कोट, कपाळाला आठ्या, साक्षीदारावर रोखलेलं बोट. रुबाब आहे.

१२ मार्च
फलक लागला. थेट पहिल्या मजल्यापासून खाली. छापखाना मेहुण्याचा. एरवी माझ्या प्रत्येक कामात खोट काढतो, आज नुसती पाठ थोपटली आणि फलकासोबत स्वतःचा फोटो काढून घेतला. शेवटी नात्यापेक्षा कामच बोलतं.

१३ मार्च
फलकासमोर ही गर्दी. लोक साहेबांच्या बोटाखाली हात वर करून उभे राहतात आणि फोटो काढतात. आत पाठव म्हणून शिपायाला सांगितलं. आत यायला कुणी तयार नाही, म्हणाला. लाजत असतील.
मुलीनं संध्याकाळी मोबाईल दाखवला. फलकाचा एक फोटो चाळीस हजार लोकांनी पाहिला. मला हवे होते पन्नास. म्हणजे उद्दिष्टाच्या आठशे पट. खुर्च्यांच्या अर्जाला स्मरणपत्र पाठवलं.

१६ मार्च
मोठे साहेब आले. या वेळी बसायला सांगितलं. पाणीही विचारलं, तेव्हाच पाल चुकचुकली. फोटो त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना पाठवला होता, खाली 'जावईबापू, आमचं काय चुकलं?' असं लिहून. साहेब आवाज न चढवता म्हणाले की बत्तीस वर्षं वकिली केली, पण आज गाडीवाल्यानं त्यांच्याकडून भाडं घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, हा आदर आहे. त्यांनी डोळे मिटले. हसऱ्या फोटोत मिटलेत तसेच.
फलक आजच उतरवा म्हणाले. पण उंच शिडी फक्त मेहुण्याकडे आणि मेहुणा बाहेरगावी. शनिवारी, एकवीसला येतो म्हणे. म्हणजे नागरिक दिवसाला फलक असणार. नशीब बलवत्तर.
घरी येताना तळघराच्या जिन्यापाशी थांबून खाली पाहिलं. रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. मला माणसं येता-जाताना बघायला आवडतं.

२० मार्च, १०.००
सज्ज. खुर्च्या आल्या. साठच्या साठ.

११.३०
लोक जेवून निघत असतील.

१२.१५
पहिला नागरिक. स्वच्छतागृह कुठे आहे, विचारत होता. दाखवलं आणि नोंदवहीत सही घेतली. एकूण एक.

१.००
मी सही करू का, असं टंकलेखिका बाईंनी विचारलं. नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१.१०
हो म्हणालो. एकूण दोन.

३.४०
एक आजी आल्या. निवृत्त परिचारिका. मुलगा तिथे जाऊ नकोस म्हणत होता, पण आता या वयात कुणाला भ्यायचं, म्हणाल्या. खात्यानं त्यांचं जन्मसाल चुकीचं लिहिलं, चार वर्षांनी थोरलं करून लवकर घरी बसवलं. वीस वर्षं खटला चालू आहे. नोकरी काही परत मिळायची नाही, पण सरकारनं माझं वय खरं धरावं, एवढंच मागणं. आजवर सगळ्यांनी तारखा दिल्या, निकाल लावू म्हणणारे तुम्हीच पहिले, म्हणाल्या. थट्टा करत नव्हत्या.
मी पत्रक दिलं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि यात माझ्या खटल्याचं काय लिहिलंय, असं विचारलं. त्यांचा फोन नंबर घेतला आणि बघतो म्हणालो. माझी मलाच लाज वाटली.
एकूण तीन.

२३ मार्च
विलीनीकरणाचा आदेश आला. टेबल वरच राहणार आहे.

२ एप्रिल
रेकॉर्ड रूम. सकाळी आजींची फाईल शोधली. दोन तासांत मिळाली. जन्मतारखेची खात्री करायची आहे म्हणून आमच्या कार्यालयानं एकतीस वेळा कोर्टाकडून मुदत मागितली होती. जन्माचा दाखला फाईलमध्येच आहे, शेवटून तिसरं पान. मी वाचला. वाचायला मिनिटही लागलं नाही.
फाईल घेऊन वर गेलो. कारकुनानं कुठल्या विभागातून आलात विचारलं. सवयीनं जनसंपर्क म्हणालो. तो बंद झाला ना, म्हणाला. फाईल मात्र ठेवून घेतली.
दुपारी आजींना फोन केला. दाखला सापडल्याचं सांगितलं. निकाल लागला का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो, पुढची तारीख नऊ नोव्हेंबर. त्यांनी ती लिहून घेतली. मग म्हणाल्या, म्हणजे तेव्हा मी पंच्याहत्तरची असेन की तुमच्या कागदाप्रमाणे एकोणऐंशीची?
पंच्याहत्तर, म्हणालो. हे कार्यालयाचं अधिकृत मत नाही.