मळ्याची कबुलायत

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर, मंगळवार पेठ
ता. १९ एप्रिल १९३४

तीर्थस्वरूप शिवक्कास संगप्पाचा नमस्कार. शरणप्पा भावजींना शरणु सांग.

इकडे सगळं ठीक. उन्हामुळे दुपारी पेठेत चिटपाखरू नसतं. सुंदरम्माचा गुडघा अजून धरतो, भावजींनी पाठवलेलं तेल ती रोज चोळते. ईश्वरप्पाची पुण्याची परीक्षा झाली, पेपर बरे गेले म्हणतो. ज्वारीला भाव नाही, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक खूश आणि मी गप्प.

मुद्दाम लिहायचं कारण मोहोळचा मळा. आप्पा गेल्यापासून त्याचं मीच बघतो. धुळाप्पा धनगर तो अर्ध्या वाट्यानं कसतो. पिकेल त्यातलं निम्मं त्याचं, निम्मं आपलं. आप्पांच्या काळी हे चाललं. आता सरकारी सारा भरून आणि विहिरीची डागडुजी करून हाती काय उरतं ते मलाच माहीत. एक बागाईतदार तिथं ऊस लावायला तयार आहे. वर्षाचा खंड रोख देतो, तोही आगाऊ. शिवाय आमचे वकील म्हणतात, जुन्या कुळांना काढताच येणार नाही असा कायदा आज ना उद्या येणार; ज्याला जमीन मोकळी करून घ्यायची त्यानं आत्ताच घ्यावी.

म्हणून डिसेंबरात धुळाप्पाला नोटीस दिली. साल ३१ मार्चला संपतं, तीन महिने आधी नोटीस लागते. सगळं रीतसर केलं. तरी तो निघाला नाही, तेव्हा मामलेदाराकडे दावा करावा लागला. त्याची कबुलायत माझ्यापाशी आहे, म्हणजे कुळानं मालकाला लिहून द्यायचा कागद. एका सालाचा करार, खाली त्याचा अंगठा. त्यामुळे काळजीचं काही नाही.

पण त्यानं जबाबात तुझं नाव घेतलं आहे. आप्पांनी म्हणे त्याला तोंडी वचन दिलं होतं, आणि ‘अक्का समोर व्हत्या, त्यास्नी इचारा’. सत्तावीस वर्षांमागची गोष्ट! तेव्हा तू माहेरपणाला आलेली, वीस वर्षांची. आप्पा काय बोलले, काय नाही, कुणाला आठवणार? तुला समन्स येईल. एवढ्या उन्हात मैंदर्गीहून येण्याची दगदग करू नकोस. प्रकृती बरी नाही आणि या बाबतीत काही स्मरत नाही, असा मजकूर वकिलांनी करून दिला आहे, तो सोबत आहे. खाली सही करून पाठव, म्हणजे झालं.

पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा
संगप्पा

*

सोलापूर
ता. ६ मे १९३४

शिवक्का,

तुझं पत्र पोचलं. वकिलांचा कागद सहीशिवाय परत आला, तोही पोचला.

चारच ओळी लिहिल्यास. ‘मला आठवतं. तुलाही आठवतं. मी येणार. कबुलायतीवर त्यानं अंगठा कसा दिला ते कळव.’ भावाला लिहायची ही रीत आहे का? खुशालीसुद्धा नाही.

अंगठा दिला, म्हणजे दिला. आप्पांच्या मागं एका वर्षानं मी कागद घेऊन गेलो, त्यानं दिला. लोक शंभर कागदांवर देतात.

तुझ्यासारखं बोलणं सोपं आहे. जमिनीत तुझा हिस्सा नाही, सारा तुला भरायचा नाही, पोरगा पुण्याला शिकायला तू ठेवलेला नाहीस. मालक म्हणजे बसून खाणारा असं सगळ्यांना वाटतं. कूळ वीस-पंचवीस वर्षं टिकलं की रान त्याचंच होऊन बसतं, मालक सातबाऱ्यापुरता उरतो. आपल्या गल्लीतल्या दोघांना हेच भोवतंय. मी माझी जमीन मागतोय, दुसऱ्याची नाही.

हे लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. दोन दिवसांनी पुढं लिहितोय.

आठवत नाही असं नाही. ते रान कुंद्यानं भरलेलं होतं. नांगर लावला की बैल बसायचे. त्या गवताची मुळी कमरेएवढी खोल जाते, ती खणून काढायला कुणी तयार होईना. धुळाप्पा मेंढरं घेऊन आलेला, लग्न नुकतंच झालेलं. त्यानं आणि तानाबाईनं, नवराबायकोनं, तीन उन्हाळे कुंदा खणला. विहीरही त्यानंच पाडली. पाणी लागलं त्या दिवशी आप्पा तुला घेऊन मळ्यात गेले, तू पोळ्या नेल्या होत्यास. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ह्या रानात तुझा नांगर चालतोय तोवर तुला कुणी उठवायचं नाही.”

एवढंच बोलले ते. कागदावर असतं तर गोष्ट वेगळी होती.

यायचं तर ये. स्टेशनवर गाडी पाठवतो. आधी सोलापूरला उतर, घरी जेव, मग सगळे मिळून मोहोळला जाऊ.

संगप्पा

*

सोलापूर
ता. २२ फेब्रुवारी १९३५

तीर्थस्वरूप अक्कास,

नऊ महिने झाले. मधे दोनदा लिहायला बसलो आणि सुंदरम्माच्या गुडघ्यापुढं सरकलो नाही. आज खुशाली शेवटी लिहीन.

सुनावणीला तू आलीस ती सोलापूरवरून पुढं गेलीस, उतरली नाहीस. मी स्टेशनवर उभा होतो. तू खिडकीतून बघितलंस, हे मी बघितलं.

चावडीत काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला एकदा ते लिहून काढायचं आहे. मामलेदारसाहेब मुक्कामाला आले होते. तू पदर सावरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, “साहेब, दावा लावलाय तो माझा सख्खा भाऊ. पण आमच्या वडिलांनी शब्द दिला तो मी ऐकला.” सगळं सांगितलंस, एक अक्षर वाढवलं नाहीस. साहेबांनी विचारलं, आणखी कोण होतं तिथं? तू लगेच उत्तर दिलं नाहीस. मग म्हणालीस, “भाऊ होता. तेरा वर्षांचा. विहिरीच्या काठावर बसून शेंगा खात होता.”

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

अक्का, धुळाप्पालाही ठाऊक होतं मी तिथं होतो. जबाबात त्यानं फक्त तुझं नाव घातलं, माझं नाही. ते त्यानं का वगळलं हे मला त्या दिवशी चावडीत कळलं. मला खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून. आणि मी ती आणलीच.

मग कबुलायत निघाली. साहेबांनी त्याला विचारलं, अंगठा तुझाच का?

“व्हय जी, माझाच हाय.”

“काय सांगून घेतला होता?”

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. “मालकांनी मागितला, म्या दिला.”

साहेब म्हणाले, तोंडी वचनाचं त्यांना वाईट वाटतं, पण त्यांच्यापुढं कागद आहे आणि तो एका सालाचा आहे. ताबा मला मिळाला. बाहेर वकिलांनी माझा हात हातात घेतला. तू तानाबाईच्या तांब्यातलं पाणी प्यालीस आणि स्टेशनकडे चालत गेलीस.

आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. आप्पांच्या मागं मी कागद घेऊन मळ्यात गेलो, तेव्हा धुळाप्पा मोट सोडून आला. मी त्याला म्हणालो, “आप्पा गेले, आता सरकारदरबारी तुझं नाव चढवायला पाहिजे, म्हणजे पुढं तुला कुणी त्रास देणार नाही.” उलटंच लिहिलं होतं त्यात. त्यानं हात धुतले, धोतराला पुसले आणि अंगठा पुढं केला. कुठं लावायचा एवढंच विचारलं. तानाबाईनं मला ताक दिलं, ते मी प्यालो. हे मी वकिलांना सांगितलेलं नाही, सुंदरम्मालाही नाही.

जूनच्या आरंभी ताबा घ्यायला गेलो. तलाठी आणि कोतवाल बरोबर होते. धुळाप्पा-तानाबाईचं सामान बांधून झालं होतं. जातं, घोंगडी, पाटीत घातलेल्या कोंबड्या, एवढंच. मोटेचा दोर नवा होता, तो धुळाप्पानं विहिरीवर तसाच ठेवला होता. तानाबाई खोपटातली जमीन सारवत होती. कोतवाल म्हणाला, “अगं, निघालीस न्हवं? आता कशाला सारवतीस?” ती मान वर न करता म्हणाली, “घर रिकामं करून देताना असंच द्यायचं व्हय?”

मला वाटलं होतं, ती दोघं रडतील, शिव्या देतील, मग मलाही राग धरता येईल. तसं काही झालं नाही. ती सारवत राहिली आणि आम्ही तिघं ओल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून बाहेर उभे राहिलो.

मी तलाठ्यासमोर बोलून टाकलं. म्हणालो, धुळाप्पा, तो अंगठा मी तुला फसवून घेतला. कागदात काय आहे ते तुला खोटं सांगितलं.

तानाबाईनं हात धुतले आणि दारात आली.

“आमाला ठाऊक व्हतं की, मालक.”

“कधीपासून?”

“त्याच हप्त्यात. तुमी नक्कल ठिवून गेला व्हता. मास्तरांकडून वाचून घेतली. ह्ये म्हनले, आप्पांचं लेकरू हाय, लिवून घेतलं आसंल कुनाच्या तरी सांगन्यावरनं, पन वापरायचं न्हाय. म्हनून ऱ्हायलो.”

चार वर्षं, अक्का. चार वर्षं ती दोघं हे जाणून त्या रानात राबली, हुरड्याला मला बोलावलं, ईश्वरप्पासाठी लोणी पाठवलं. मी त्यांना अडाणी समजत होतो.

मी ताबा घेतला नाही. बारा वर्षांचा पट्टा लिहून देतो म्हणालो. धुळाप्पा “बगू” म्हणाला आणि गाडी घेऊन निघाला. पाच दिवस पत्ता नाही. मी मनात धरलं, संपलं. सहाव्या दिवशी तो दुकानात आला. गादीवर बस म्हटलं तर बसला नाही, पायरीखाली उभा राहूनच बोलला. “बारा सालं लिवून द्या. इकरार पक्का करून. मास्तर वाचून बगतील, मग म्या हात लावीन.” मास्तरांनी दोनदा वाचला. नोंदणी झाली. वकिलांना मी वेडा वाटतो आणि बागाईतदारानं दुसरीकडे रान बघितलं.

तुला वाटेल, म्हणजे सगळं नीट झालं. मलाही वाटलं होतं.

यंदा रान चांगलं पिकलं. पण हुरड्याचं बोलावणं आलं नाही. परवा आपल्या वाट्याची ज्वारी घेऊन तो आला. पोती उतरवली, मापून दिली. मी म्हटलं, जेवून जा. तो म्हणाला, “पावती द्या, मालक.”

रागानं नाही म्हणाला. सावकाश, जसं कुणाही दुकानदाराला म्हणावं तसं. इतक्या वर्षांत त्यानं आपल्या घरात कधी पावती मागितली नव्हती. मी लिहून दिली. त्यानं ती घडी करून पागोट्यात ठेवली आणि न जेवता गेला. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

सोबत तीन कागद आहेत. ती कबुलायत, निकालाची नक्कल आणि हे पत्र. तिन्ही तुझ्यापाशी ठेव. पट्टा संपेल तेव्हा मी असेन किंवा नसेन. जमीन ईश्वरप्पाच्या हाती जाईल. पोरगा हुशार आहे आणि कायदाच शिकायचा म्हणतो, म्हणून भीती वाटते. त्यानं कधी धुळाप्पाच्या माणसांना उठ म्हटलं, तर हे पत्र त्याच्यापुढं ठेव, आणि त्यानं ऐकलं नाही तर मामलेदारापुढं. तेव्हा कुणी विचारलं की तिथं आणखी कोण होतं, तर माझं नाव सांगायला अडखळू नकोस.

घरची सगळी खुशाल आहेत. तू उतरली नाहीस त्याबद्दल मी काही मनात धरलेलं नाही. धरण्याचा हक्क मला नाही.

आप्पांनी शब्द दिला तेव्हा मी तिथं होतो. मी ऐकला. मला आठवतं.

सही
संगप्पा गुरुलिंगप्पा शेटे
राहणार मंगळवार पेठ, सोलापूर