बाबांचं ‘स्पीड अप’

प्रिय बाबा,

आज मॅडमनी मला नोकरीत कायम केलं! आईला फोन झाला, पोरीला सांगून झालं, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना. तुम्ही आता फोनवर भेटणार नाही, म्हणून हे पत्र.

घाटकोपरला औषधं पुरवणाऱ्या ऑफिसात मी सहा महिने कच्ची होते. आज मुलुंडच्या एका हॉस्पिटलची इंजेक्शनं अडकली. मॅडम विमानात. भिवंडीच्या गोदामातला नवा मॅनेजर केरळचा, त्याला ना मराठी येत, ना हिंदी. शेवटी मीच फोन लावला. इंग्लिशमध्ये बोलायचं होतं हो! म्हणाले, “प्लीज स्पीड इट अप. पेशंट इज वेटिंग.”

आणि त्याला कळलं! दोन तासांत पार्सल पोचलं. मॅडम उतरल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “वैशाली, उद्या पक्कं लेटर घेऊन जा.”

आठवतं, सातवीत मी तुम्हाला ‘स्पीड अप’ म्हणजे काय विचारलं होतं? तुम्ही अंधेरीला लिफ्टमन. दिवसभर ‘अप’, ‘डाउन’ ऐकणारा माणूस! छातीठोकपणे म्हणालात, “अप म्हणजे वर. झटपट वर जायचं.” मी वर्गात तेच ठोकून दिलं. सगळे खिदळले. माहीत नव्हतं तर नाही म्हणायचं ना, बाबा!

घरी येऊन मी ओरडले, “तुमच्यामुळे माझी वाट लागली!”

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या एका साहेबांना विचारून आलात. चपला न काढता दारातूनच म्हणालात, “वैशू, वर जायचं नसतं गं. वेग वाढवायचा. आणि ‘इट’ मधे बसवायचं. स्पीड इट अप.”

मी पाठ फिरवली. “आता काय उपयोग?”

साहेबांना विचारताना तुम्हाला किती संकोच वाटला असेल? मी कधी विचारलंच नाही. माफी मागायचीही राहून गेली. आज मागते. उशीर झाला, पण मागते.

पार्सल पोचल्याचा मेसेज आला तेव्हा मी बाटलीभर पाणी प्यायले आणि एकटीच हसले. खूप हलकं वाटतंय, बाबा.

एक कबुली देते. इंग्लिश फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे. सहा महिने! आता नाही. चुकले तर चुकले, पण फोन मीच उचलणार. शब्द देते.

तुमची,
वैशू