डावी सीट

रविवार, बार्शीटाकळी

आज कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या आवारात गाडी पळवली, तर सुटताच उजवीकडे ओढून राहिली. दोनदा तेच. मग ध्यानात आलं. जुन्या गाडीची ही रेसची गाडी केली, तेव्हा स्प्रिंगा आमच्या दोघांच्या वजनावर बसवल्या होत्या. डाव्या सीटवर बसून इंजिनचा आवाज ऐकणारा माझा दोस्त सुधीर आता नोकरीसाठी पुण्याले गेला.

त्याच्या सीटवर सरकीच्या ढेपीचं पोतं ठेवलं, पट्टा लावला. गाडी सरळ सुटली. मी पोत्याकडे पाहून म्हणालो, "काहून बे, जमलं ना?"

स्प्रिंगा माझ्या एकट्याच्या वजनावर बसवाले तासभर पुरे. मग काहून नाही बसवल्या?

आत्ता आईनं म्हशीसाठी ढेप मागितली. म्हटलं, दुसरं पोतं फोड, ते राहू दे.