वाणात दिलेले एक्केचाळीस दिवे

१६ जानेवारी
झालं एकदाचं आपलं संक्रांतीचं हळदीकुंकू. चाळीस बायका आल्या. वाण बघून सगळ्या खूश. भोकरदनहून आणलेले विजेचे दिवे, दिसायला समई, पाठीमागच्या पिनेनं भिंतीवरच्या बटनात खोचायचे. ज्योत खरीखुरी हलल्यासारखी वाटते. तेल नको, वात नको, काजळी नको. मागच्या वर्षी प्लास्टिकचे डबे दिले तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, त्याच आज "एखादा उरला का वं?" करत होत्या. मी दिवसभर हवेत.

थोरली जाऊ, म्हणजे थो.जा., आली नाही. येणार नव्हतीच. तिच्या लेकीच्या, पूजाच्या लग्नपत्रिकेत तिनं आमच्या यांचं नाव छापलं नाही, तेव्हापासून बोलणं बंद. दीड वर्ष झालं, भिंतीला भिंत आहे तरी. तिचा दिवा सासूबाईंच्या हाती पाठवला. त्या एक महिना आमच्याकडे, एक महिना तिच्याकडे असतात, सध्या तिकडे आहेत. सांगत होत्या, तिनं लगेच देवापुढे लावला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१८ जानेवारी
दुपारी घरभर वास. मी यांच्यावरच ओरडले, अंगणात काय रबर जाळताय म्हणून. ते बिचारे मोसंबीच्या बागेत. देवघरात गेले तर आमच्यासाठी ठेवलेली समई वाकून गणपतीच्या पाया पडत होती! पार वितळलेली. खालच्या लाकडाला काळा डाग पडलाय. मेन बटन बंद केलं.

रफिकभाई वायरमनला बोलावलं. त्यांनी दिवा फोडून आतली वायर दाखवली.
"वहिनी, ही वायर हाय का केस? फ्यूज न्हाई, आयएसआयचा छाप न्हाई, बनवणाऱ्याचं नाव बी न्हाई. भाईरून पेट्याच्या पेट्या येऊन राह्यल्या, कोण बघतं? दिवसरात चालू ठेवला तं बराबर पेटणार."

दिवसरात्रच चालू ठेवणार ना. देवापुढचा दिवा आहे. आणि एक्केचाळीस घरांत मी स्वतःच्या हातानं दिलाय, वर हळदीकुंकू लावून.

थो.जा.च्या घरी तर देवघराच्या फळीखालीच पाळणा आहे. पूजाचं बाळ, चाळीस-बेचाळीस दिवसांचं.

१९ जानेवारी
बायकांच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, वितळलेल्या समईचा फोटो, दिवे बंद करून परत द्या म्हणून. उत्तरं:
"वाण परत घेतेत का कुठं? अपशकुन होतो."
"देवापुढचा दिवा आपणहून मालवायचा का ताई?"
"आमचा तं मस्त चालू हाय."
एकीनं नुसता हात जोडलेला. एकीनं घाबरून घरातलं सगळं प्लास्टिक, लायटर, खेळणी, कंगवासुद्धा ओट्यावर काढून ठेवलं आणि दिवा मात्र चालूच. तिघींनी बंद केला. एवढ्यातच समाधान.

थो.जा. ग्रुपवर नाही. असती तरी...

यांना म्हटलं, थोरल्या भावजींना सांगा. सांगून आले. "दादा म्हणला, देवाचं मला विचारू नगं, तुझ्या वहिनीला विचार." झालं!

२० जानेवारी
यांच्या गाडीवर भोकरदनला. शांतीलालशेठच्या दुकानात भांडायचं ठरवून गेले होते. बघते तर गल्ल्यावरच्या फोटोपुढे तोच दिवा. रफिकभाईंनी फोडलेला पुढ्यात ठेवला. शेठनी चष्मा लावून आतली वायर पाहिली, उठले, फोटोला हात जोडले आणि आधी स्वतःचा दिवा काढला.
"ताई, व्यापाऱ्यानं दाखवलं, मला भी आवडलं, मी घेतलं. पेटीवर नाव बघायचं सुचलंच न्हाई. सगळे परत आणा. एक बी विकणार न्हाई आता."
मांडणीवरची अख्खी रांग खाली उतरवली. भांडायचा सगळा उत्साह वाया गेला. चहा पिऊन आलो.

येताना ठरवलं, आता प्रत्येक वस्तू उलटी करून छाप बघायचा. घरी आल्या आल्या मिक्सर, इस्त्री, पंखा उलटसुलट केला. हे म्हणाले, "मलाबी पालथं घालून बघती का?" बघितलं पाहिजे.

२१ जानेवारी
सासूबाई भिंतीपलीकडून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण डोकं! म्हणाल्या, "परत मागूच नगं. संक्रांतीचे दिवस हायेत. तू त्यांच्या घरी जा, त्या तुला हळदीकुंकू लावतील अन् त्योच दिवा तुला वाण देतील. देणं येगळं, परत करणं येगळं."
"आणि देवापुढं अंधार?"
"मंग तू फुलवाती घेऊन जाय. आधी निरांजन लावायचं, मंगच बटन बंद करायचं."
मला का सुचलं नाही? घरचा कापूस काढून बसलो दोघी. दिवसभर फुलवाती वळल्या. बोटं दुखतायत. एक्केचाळीस पुड्या झाल्या.

पण रथसप्तमीला हे सगळं संपतं. हातात चारच दिवस.

२३ जानेवारी
काल आणि आज मिळून तेवीस घरं. तेवीस वेळा तिळगूळ, तेवीस वेळा चहा. दोन घरी पोहे. कपाळावर कुंकवाचा थर बसलाय, यांना ओळखू येईना. पाटलीणबाईंनी दिवा देताना डोळ्यांत पाणी आणलं, "छान होता वं." हातात घेतला तर पाठ चांगलीच तापलेली. त्यांना हात लावून बघायला सांगितलं तेव्हा त्यांनीच घाईनं माझ्या पिशवीत टाकला.

२४ जानेवारी
चाळीस आले! पोत्यात भरून ठेवलेत. शेठना फोन केला.

राहिला एकच. नेमका तोच.

सासूबाई सांगतात, "म्या दोनदा बटन बंद केलं. ती पुन्ना लावती. म्हणती, लेकराच्या घरात देवापुढं अंधार नगं." रफिकभाईंना पाठवलं तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं: "माझ्या देवाचा दिवा मालवायला माणसं धाडती व्हय ती?" तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. दीड वर्ष न बोलणारी जाऊ अचानक म्हणते, देवाचा दिवा मालव!

वाणाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही. तिचं ह.कुं. उद्या आहे. बोलावणं नाही.

दुपारी लाईट गेली. जन्मात पहिल्यांदा आनंद झाला, चार तास तरी बाळ सुखरूप. लाईट आल्याबरोबर भिंतीला कान लावून बसले. बाळ रडलं तेव्हा हायसं वाटलं.

२५ जानेवारी, रथसप्तमी
सकाळी अंगणात दूध उतू घातलं, सूर्याला हात जोडले आणि ठरवलं, बोलावणं आलं नाही तरी जायचं. काय बोलायचं ते बोलू दे.

तीन वाजता पूजा दारात, बाळाला घेऊन. "काकू, चला."
"आई म्हणाली का?"
"ये म्हणली न्हाई. पण मी निघाले तं नगं जाऊस बी म्हणली न्हाई."
एवढं पुष्कळ झालं. हिरवी साडी नेसले, फुलवातींची पुडी घेतली.

थो.जा.नं मुकाट्यानं हळदीकुंकू लावलं. मी निरांजन मागितलं, तिनं दिलं. फुलवात ठेवली, तूप घातलं, लावली. मग तिनंच बटन बंद करून दिवा ओढला आणि "आई गं!" करून हात झटकला. बोट भाजलेलं. भिंतीला पिवळा डाग. तिनं डाग पाहिला, मग खालचा पाळणा पाहिला.

"एवढं तापून राह्यलं व्हतं? अन् मला वाटलं, तू पत्रिकेचा राग काढती." मग दिवा रुमालात गुंडाळून माझ्या पदरात घातला. "घे. वाण हाय." आणि हळूच, "पत्रिकेतलं नाव माझ्याच्यानं राह्यलं. मुद्दाम न्हाई गं."
मी रडले. तीही. बाकी बायका बघत होत्या, बघू देत.

एक्केचाळीस झाले! घरी यायला पाय उचलत नव्हता. निघताना तिनं हाक मारली, "अगं, माझं वाण तं राह्यलं!" आणि गुलाबी कागदातलं काही हातात दिलं. किती हौसेनं दिलं.

घरी येऊन उघडलं. डास मारायचा निळा दिवा. बटनात खोचायचा.

उलटा करून बघितला. छाप नाही. नाव नाही.

यांना दाखवला. हे खुर्चीतून पडायचे बाकी राहिले हसून. तिनं पस्तीस बायकांना वाटलेत म्हणे, आणि एक पाळण्याजवळ लावणार आहे.

दीड वर्षांनी आज बोललोय. कापूस उरलाय का बघितलं, पण डासांना फुलवाती कुठे चालतात! चप्पल घातलीये. भिंतीपलीकडून तिच्या हसण्याचा आवाज येतोय. काय म्हणून सुरुवात करू...