साळूचं पिल्लू

माधवनगर,
ता. ३ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर अंजनाचं डोकं.

इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. वहिनी बाळंतपणातून उठली, बाळ अंगानं भरलं आहे आणि रडायला दादावर गेलं आहे. थंडी अजून हटत नाही. तुमचे गुडघे बोलत असतील. एरंडेल कोनाड्यात मागच्या बाजूला ठेवलं आहे, ते रोज लावत जा.

पत्र वाचून दाखवणाऱ्या नाथाजी भावजींनाही नमस्कार. भावजी, मागच्या पत्रातल्या माझ्या चुका तुम्ही साऱ्या ओसरीला ऐकवल्या असं कळलं. मी चौथीपर्यंतच शिकले आहे. या वेळी जसं लिहिलंय तसंच वाचा, सुधारू नका.

आत्याबाई, अंजना कधी येते असा तुमचा निरोप दोनदा आला. त्याचं उत्तर लिहायलाच बसले आहे. पण आधी सांगा, धोतऱ्या कसा आहे?

थंडीत तो निपचित पडला तर घाबरू नका, असं मीच तुम्हाला सांगावं म्हणजे नवलच. पहिल्या वर्षी तो गार पडला तेव्हा मी मेला म्हणून रडायला बसले होते. तुम्ही त्याला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलंत. भाकरी होईपर्यंत त्यातून नाक बाहेर आलं. दूध शेळीचंच द्या, तेही पाणी घालून. दूध दिलं तरी त्याला किडे लागतातच. दिवस मावळला की मी गोवऱ्या उलथ्यापालथ्या करून ते गोळा करायची आणि शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून बघायच्या. बनुबाईची सून उंदराला जेवू घालते, असं गावभर झालं होतं. आणि यांची जुनी वहाण त्याच्यापासून काढून घेऊ नका. तिचा तळ चाटून तोंडाला फेस आणायचा आणि मान वाकडी करून तो फेस स्वतःच्या काट्यांना फासायचा, हे त्याचं वेड तुम्हाला माहीत आहेच. का करतो ते देव जाणे. तेवढं झालं की त्याची स्वारी खूश असते.

तो घरी आला तो दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. हे रजेवर आले होते आणि आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी कृष्णाकाठची. मासे पाहिलेले, म्हशी पाहिलेल्या, तुमच्या माळावरचं मला काहीच ठाऊक नव्हतं. हे मेंढरांकडून आले ते पटक्यात काहीतरी बांधून. माझ्यापुढं सोडलं तर काट्यांचा नुसता गोळा, धोतऱ्याच्या बोंडासारखा. मी दोन पावलं मागं सरले. मग गोळा उलगडला, लांब नाक वर आलं, कान हलले आणि माझी भीती गेली.

हे म्हणाले, "साळूचं पिल्लू हाय. वरीसभरात शेळीएवढं हुईल. ह्येचा पयला लांब काटा तुझ्या डोहाळ्याला. आईच त्यानं भांग काढंल तुझा. तवर जप त्येला."

पोटुशीचा भांग साळूच्या काट्यानं काढायचा, ही रीत आमच्याकडेही आहे. मी लाजून आत पळाले. तुम्ही चुलीपाशी पाठमोऱ्या होता आणि तोंडात पदर धरून खोकत होता. मला वाटलं, धूर गेला असेल.

रजा संपून हे गेले आणि मी त्याला जपू लागले. दर बाजाराच्या दिवशी वितीनं मोजायची. वीतभर होता तो वीतभरच राहिला. मी तुम्हाला विचारायची, हा वाढत का नाही? तुम्ही म्हणायच्या, लढाईचे दिवस आहेत, माणसांना पोटभर मिळेना, जनावर कुठून वाढणार. मला ते पटायचं.

मग ब्रह्मदेशातून पलटणीचा कागद आला. बायका माझ्या बांगड्यांना हात घालायला आल्या तेव्हा तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. कागदाला काय कळतंय, म्हणालात. त्या संध्याकाळी रोजच्यासारखंच धोतऱ्याला टोपलीतून बाहेर काढलंत आणि दूध ठेवलंत. म्हणालात, "वाढंल गं. येळ लागतोय, पर वाढंल." मी व्हय म्हणाले.

आता एक सांगते, जे घरात असताना कधी बोलले नाही. गेल्या उन्हाळ्यात मेंढक्या ज्ञानू पाणी प्यायला अंगणात आला होता. तुम्ही रानात होता. धोतऱ्याला बघून तो हसतच सुटला. म्हणाला, "वैनी, साळू न्हवं ह्यो. ह्येची जातच एवढी. म्हातारा झालाय आता. बनुकाकीला इचारा की, ल्हानपनी माळावर ह्येंच्यासंगंच खेळलीया ती."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला त्या दिवशी धूर लागला नव्हता. यांनी माझी थट्टा केली होती. पुढच्या रजेत येऊन सांगितलं असतं आणि घर डोक्यावर घेतलं असतं हसून. ती रजा आली नाही. मग त्यांची थट्टा तुम्ही मोडली नाहीत, इतकी वर्षं सांभाळलीत. मीही तुम्हाला कळू दिलं नाही की मला कळलंय. सांगून टाकलं असतं तर संध्याकाळी आपण दोघी काय बोलणार होतो? त्या जनावरापुढं बसून आपण एकमेकींना वाढंल, वाढंल म्हणत राहिलो. माझे ते दिवस फार मायेत गेले, आत्याबाई. आईपाशीही मी इतकी सुखात नव्हते.

भावजी, इथून पुढचं हळू वाचा. ओसरीवर कोणी असेल तर त्याला आधी वाटेला लावा.

दादानं माझ्या पाटाचं काढलं आहे. गिरणीत मागावर काम करणारे एक आहेत. बायको तापानं गेली, एक लहान मुलगी आहे. ती येते आणि माझ्याजवळ नुसती बसून राहते. ते एकदा दादाबरोबर घरी आले होते. बोलणं निघालं म्हणून मी धोतऱ्याची सगळी हकीकत सांगितली. इथं ती ऐकून सगळे हसतात. ते हसले नाहीत. "आता त्येला कोन बघतंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. घरी विचारून सांगते म्हणाले. दादा म्हणाला, घर तर हेच. मी म्हणाले, माझं घर माळावर आहे.

पाट लागलेल्या बाईनं पहिल्या घरचा उंबरा ओलांडू नये, ही आपली रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. माझा जीव तिथंच अडकला आहे. नवरा दुसरा मिळेल, तुम्ही दुसऱ्या कुठून मिळाल? तुम्ही नको म्हणालात तर येत्या बाजारच्या मोटारीनं निघून येते आणि हा विषय पुन्हा काढत नाही. मनात अढी ठेवणार नाही, शपथेवर सांगते. आणि हो म्हणालात तर एवढंच मागते की उंबऱ्यात नको, पण रानात बांधावर तरी मला भेटत जा. तिथं कोणाची रीत आडवी येत नाही.

मागावरच्या त्या माणसाचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. लिहायला घेतलं आणि हात पुढं जाईना. बाईचा हात कोणाच्या नावावर अडतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि ज्यांचं नाव लग्नापासून एकदाही तोंडातून काढलं नाही, ते आज लिहिते आहे. जोतीराम. जोतीराम आता यायचे नाहीत, आत्याबाई. हे आपल्यापैकी कोणीतरी एकदा म्हणायला हवं होतं. तुम्ही आई आहात, म्हणून मी म्हटलं.

तुमच्या शब्दाची वाट बघते.

तुमची सून
(हा शब्द राहू द्यायचा की खोडायचा, ते तुम्हीच सांगा)
अंजना