शून्याचा आंबा

५ एप्रिल १९६५, देवगड
भाच्याचं, सत्यवानचं पत्र. मुंबईत कॉम्प्युटर नावाच्या यंत्रावर लागलाय. एकच काम पुन्हापुन्हा करायचं तर यंत्राला उलटं मोजायला लावतात, शून्य आलं की थांबायचं. म्हणतात लूप. सोपं पडतं म्हणे.
आमच्या आंब्याच्या वखारीत हौसाबाई एक ते साठ मोजत पेटी भरते, मग मी कारकून म्हणून पुन्हा मोजतो. डबल काम! उद्यापासून एकच मोजणी. उलटी. मोजणार मी.

६ एप्रिल
बागेतून आलेली साठ आंब्यांची टोपली हौसाबाईने पुढे ठेवली. साठ म्हटलं, पहिला आंबा पेटीत. एकोणसाठ, दुसरा. असं करत शून्य म्हटलं, तर टोपली रिकामी! एक आंबा गायब. पुढच्या अकरा पेट्यांत तेच. वीस वर्षं ही बाई इथे आहे. विचारच करवत नाही.

७ एप्रिल
तिला हटकलं. म्हणते, "भाऊनू, शून्य म्हणजे काय्येक नाय. मगे तेका आंबो खंयचो?"
उत्तर तयार होतं. तयार उत्तराचा मला संशय येतो.

८ एप्रिल
पाळत. डब्यात भाकरी आणि सुका बांगडा. आंबा नाही. म्हणजे साथीदार आहे. शेजारची लीला दोनदा खोकली. खूण असावी.

१० एप्रिल
मालक दाजींना सांगून हौसाबाईला काढलं. वैशाखात मुलीचं लग्न आहे, एवढंच म्हणाली. जरा वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

११ एप्रिल
आता लीला भरते. शून्याला टोपली रिकामीच. टोळी आहे!

१२ एप्रिल
उपाय सापडला. शून्याला वरून एक आंबा घालायचा. झाकण बसेना. गुडघा देऊन बसवलं. मोजणीची रीत लिहून सत्यवानला पाठवली. दाजींना म्हटलं, यंत्र सांगेल ते मला मान्य.

२० एप्रिल
मुंबईच्या व्यापाऱ्याची तार. वरचा थर चेचलेला. हमालांवर लक्ष ठेवायला हवं.

२४ एप्रिल
सत्यवानचं पत्र. दाजींनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. "मामा, तुमच्या रीतीने यंत्र एकसष्ट वेळा चाललं. शून्य ही फक्त थांबायची खूण. एकावरच शेवटचा आंबा."
यंत्राचा संशय घेऊन पाहिला. जमलं नाही.
लीला खोकली. तिला खरंच खोकला आहे.

२५ एप्रिल
हौसाबाईच्या अंगणात उभा राहिलो. फार लाज वाटली. चुकलो म्हटलं. ती म्हणाली, "माका सांगू नकात. चोर म्हणून काढल्याचा कुडाळाक व्याह्यांच्या कानार गेला. थंय जावन सांगा, तुमका मोजूक येना नाय म्हणून." तरच कामावर येणार.
पस्तीस वर्षांची नोकरी माझी. मी कुडाळला जाणार नाही.

२७ एप्रिल, कुडाळ
गेलो. ओसरीवर सात माणसं. सगळ्यांदेखत म्हटलं, हौसाबाई चोर नाही, मलाच मोजता येत नाही.
व्याह्यांनी चहा पुढे केला. म्हणाले, "हौसाबाई चोरी करतली, ह्यां आमका खरां वाटलाच नाय. तुमचा मात्र लगेच पटला."