चित्रा नाडगौडा यांच्या वहीचे पान एकसष्ट

मी, सूर्यकांत त्र्यंबक टिपणीस, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इंजिनिअर, राहणार रिचमंड हिल, ऑन्टारिओ, हे माझ्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी एक गोष्ट लपवली होती.

१. राहते घर, गाडी आणि बँकेतील ठेवी माझा मुलगा राजस याला मिळाव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. घर गरम ठेवणारी फर्नेस दोन वर्षांत बदलावी लागेल. परक्याला मी हे सांगितले नसते.

२. माझी दिवंगत पत्नी यामिनी हिचे दागिने नात गौरांगी हिला द्यावेत. ती ते घालणार नाही. तरी द्यावेत.

३. बेसमेंटमधील ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग आयर्न आणि बारीक हत्यारांची पेटी भाचा अनिश याला. दारातला बर्फ उडवायचा स्नो-ब्लोअर मेहुणा प्रताप याला. तो तीन विंटर त्याच्याकडेच आहे, त्यामुळे पोहोचवण्याचे कष्ट नाहीत. मात्र तो मागून नेला होता, बक्षीस मिळाला नव्हता, हे त्याला सर्वांसमोर वाचून दाखवावे.

४. बेसमेंटमधील राखाडी कपाटात, इन्कम टॅक्सच्या फायलींच्या मागे, हिरव्या पुठ्ठ्याची एक बांधीव वही आहे. ती माझी नाही. ती रेजिना येथे राहणाऱ्या चित्रा नाडगौडा यांची आहे. माझ्या मृत्यूनंतर राजसने ती त्यांना कुरिअरने पाठवावी. ती माझ्याकडे कशी, हे लिहिणे भाग आहे.

१९८४ साली आम्ही दोघे ओटावातल्या एका कंपनीत होतो. कंपनी आता नाही. आम्ही एका कपाटात आठ प्रोसेसर बसवून एकच संगणक करत होतो. आठांची मेमरी सामाईक, आणि तिच्यापर्यंत जायला तारांचे एकच जुडगे. त्याला आम्ही बस म्हणत असू. त्या रस्त्यावर गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येक प्रोसेसरने लागणाऱ्या माहितीची नक्कल स्वतःजवळ ठेवायची. एकाने काही बदलले की बाकी सातांनी ते बसवर ऐकायचे आणि आपली जुनी नक्कल टाकून द्यायची. हे ऐकण्याचे सर्किट माझे होते. मला त्याचा फार अभिमान होता.

चित्रा चाचणी विभागात होत्या. मी त्यांना अगंतुगं करत असे; लिहिताना तो हक्क मला उरलेला नाही. त्या गणपतीला आमच्याकडे जेवायला येत आणि यामिनीला मोदक वळायला मदत करत.

कंपनीचा एक नियम होता. प्रत्येकाने आपले काम पानांवर आकडे छापलेल्या वहीत लिहायचे, आणि दुसऱ्या इंजिनिअरने ते पान वाचून, समजून, खाली तारीख घालून सही करायची. मार्चमधल्या एका दुपारी चित्रा पान एकसष्ट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मी डबा खात होतो. डाव्या हाताने डबा सरकवला, उजव्या हाताने सही केली. वाचले नाही. गोऱ्या सहकाऱ्यांची पाने मी ओळ न् ओळ वाचत असे. आपल्या माणसाचे काय वाचायचे, असे मला वाटे, आणि त्याला मी जिव्हाळा म्हणत असे.

त्या पानावर त्यांनी माझ्या सर्किटातली चूक आकृतीसह लिहिली होती. दोन प्रोसेसर एकाच क्षणी एकाच जागी लिहायला गेले, तर दुसऱ्याला पहिल्याचे ऐकू येत नाही. त्याच्याकडे जुनी नक्कल राहते. त्यांनी उपायही दिला होता, सहा ओळींत.

ऑक्टोबरमध्ये आमचा पहिला संगणक पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतातल्या एका छोट्या विमान कंपनीकडे तिकिटांच्या आरक्षणासाठी गेला. एकच खुर्ची दोन-दोन प्रवाशांना मिळू लागली. संगणक परत आला आणि चौकशी बसली. चौकशीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी चित्रांची वही उघडली. पान एकसष्टवर माझी सही होती. मी वही पार्काखाली, म्हणजे थंडीच्या जाड कोटाखाली, घालून घरी आणली.

बैठकीत चित्रा म्हणाल्या की हे मी मार्चमध्येच लिहिले होते, सूर्यकांतने सही केली होती. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, असे पान पाहिल्याचे मला आठवत नाही. वही सापडली नाही. चाचणीत चूक पकडली नाही असे ठरून चित्रांची नोकरी गेली. त्या चुकीला लॅबमध्ये त्यांचेच नाव पडले, 'चित्रा बग', आणि ते ऐकून इतरांबरोबर मीही हसत असे. पुढच्या वर्षी मी मॅनेजर झालो. चित्रा फोन का करत नाही, असे यामिनी कितीतरी वर्षे विचारत होती. ती बिझी असेल, असे मी सांगत होतो. यामिनी तेच खरे मानून गेली. मला याची लाज वाटते. रोज वाटते, आणि तरीही मी चाळीस वर्षे व्यवस्थित जेवलो, झोपलो, हे अधिक लाजिरवाणे आहे.

इथवर जानेवारीत लिहून मी शेजारच्या ऊर्मी आणि शुभंकर या दांपत्याला साक्षीसाठी बोलावले. शुभंकरने पेन काढले. ऊर्मी वाचत बसली. मी म्हटले, वाचायची गरज नाही, फक्त सही हवी. तिने मान वर केली.

"काका, सॉरी, पण मी हे साइन नाही करणार. शी इज अलाइव्ह ना?"

"हो."

"मग कुरिअर कशाला? तुम्ही गेल्यावर त्या कुणावर चिडणार? राजसवर?"

मला राग आला. मी त्यांना चहाही न देता वाटेला लावले. मग चार दिवस मला दुसरे काही सुचले नाही, कारण मुलीचे म्हणणे खरे होते. मी चित्रांना वही देत नव्हतो. त्यांना तोंड दाखवायचे टाळत होतो.

५. कलम ४ मधील कुरिअरची सूचना रद्द. फेब्रुवारीत वही द्यायला मी स्वतः रेजिनाला गेलो. चित्रांनी दार उघडले.

"आत ये," त्या म्हणाल्या. "बाहेरच उभं करणार होते, पण मायनस थर्टी-वन आहे."

त्यांनी पान एकसष्ट वाचले. बराच वेळ वाचत होत्या.

"बाकीचे प्रत्येक ओळीवर हुज्जत घालायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून हे तुझ्याकडे आणलं. म्हटलं, आपला माणूस आहे, नीट वाचेल."

मी घराचा तिसरा हिस्सा त्यांच्या नावे लिहितो म्हणालो. "तुझ्या घरातली खुर्चीसुद्धा नको," त्या म्हणाल्या. "डगला फोन लाव. माझ्यासमोर सांग. स्पीकरवर."

डग आमचा तेव्हाचा टीम लीड. आता हॅमिल्टनला मुलीकडे असतो. मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "सूर्या, वी ऑल न्यू. वी सॉ यू टेक द बुक."

पार्काखाली वही नेताना त्यांनी मला पाहिले होते. कोणीच काही बोलले नव्हते. मी फोन बंद केला.

"म्हणजे मी खरं बोलतेय, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं," चित्रा म्हणाल्या. "मी एकटीच प्रूफ शोधत होते."

त्या रडल्या नाहीत. मी रडलो, आणि ते पाहून त्या उठून आत गेल्या. मी टॅक्सी बोलावली.

६. त्यांच्या इच्छेनुसार या मृत्युपत्रात त्यांना काहीही दिलेले नाही. राजस, तुला मी लहानपणापासून सांगत आलो की आमचा संगणक एका बाईच्या निष्काळजीपणामुळे बुडाला. ते खोटे होते. जिथे जिथे तू ते सांगितले असशील, तिथे जाऊन दुरुस्त कर. हा माझा हुकूम नाही, विनंती आहे.

७. माझ्या फ्युनरलला डग आणि जुने सहकारी येतील. भाषणे नकोत. कलम ४ आणि ५ इंग्रजीत वाचावीत. त्यानंतर कोणीही, पुरोहितानेसुद्धा, शेवटी सगळे मिटले असे म्हणू नये. चित्रा नाडगौडा यांनी मला क्षमा केलेली नाही. मी ती मागितली होती.

सही: सूर्यकांत त्र्यंबक टिपणीस
रिचमंड हिल, ऑन्टारिओ, ९ मार्च २०२५

टिपणीस यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार: ऊर्मी शुभंकर गद्रे
साक्षीदार: शुभंकर माधव गद्रे